स्कोर एक, तरी सिस्टर खाटेपासून हलेना: वॉर्डातले निर्णय नक्की कशावर होतात?

निशाचर

आमच्याकडे वॉर्निंग स्कोरचा तक्ता लागल्यापासून एक वाक्य सारखं कानावर पडतं: "स्कोर कमी आहे ना, मग झालं." त्यावरून नव्या मुलींशी माझी अधूनमधून खडाजंगी होते, म्हणून हा धागा.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी: श्वासाचा वेग, ऑक्सिजनचं प्रमाण, वरचं बीपी, नाडी, शुद्ध आणि ताप या सहा गोष्टींना शून्य ते तीन गुण देतात. वरून ऑक्सिजन चालू असेल तर आणखी दोन. बेरीज पाच झाली की डॉक्टरांना तातडीने बोलवायचं, सात झाली की आणीबाणी. एकाच रकान्यात तीन पडले तरी बोलवायचं. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ साली 'न्यूज' नावाने हा तक्ता काढला आणि २०१७ मध्ये सुधारून 'न्यूज २' केला. चांगला आहे, मी त्याच्या विरोधात नाही. हे आधीच सांगते, नाहीतर पहिला प्रतिसाद त्यावरच यायचा.

आता एक पेशंट. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. सकाळी पोटाचं ऑपरेशन झालेलं, वजन साधारण ६० किलो.

संध्याकाळी सहा वाजता नाडी ८८, बीपी १२४/७८, युरोबॅगेत (लघवीच्या पिशवीत) तासाला ५० मिली.
आठ वाजता नाडी ९६, बीपी ११८/८४, लघवी ३५.
दहा वाजता नाडी १०४, बीपी ११२/९०, लघवी २०.
ऑक्सिजन ९६, ताप नाही, पूर्ण शुद्धीत. श्वास तिन्ही वेळा १८.

दहाचा स्कोर किती? एक. नाडीचा एक गुण, बाकी सगळीकडे शून्य. तक्त्याप्रमाणे पुढची तपासणी चार ते सहा तासांनी केली तरी चालते.

ड्यूटीवरच्या सीनियर सिस्टर मात्र खाटेपाशीच थांबल्या. वरच्या आणि खालच्या बीपीतलं अंतर बघा: ४६, मग ३४, मग २२. आतलं रक्त कमी होत असतं तेव्हा शरीर रक्तवाहिन्या आवळून वरचा आकडा सावरून धरतं, त्यात खालचा आकडा चढतो. लघवी ताशी ३० मिलीच्या खाली गेलेली. आणि या दोन्ही गोष्टींना स्कोरमध्ये रकानाच नाही. त्यांनी घड्याळ समोर धरून पूर्ण मिनिटभर श्वास मोजला. २६ निघाला. एका झटक्यात स्कोर चार, त्यातले तीन एकट्या श्वासाचे. सर्जनला फोन गेला, पोटात रक्तस्राव निघाला, पेशंट पुन्हा थिएटरमध्ये. वाचला.

माझा मुद्दा असा की सिस्टरांनी तक्ता धुडकावला नाही, तक्त्यात खरा आकडा भरला. पण तो मोजावासा का वाटला, हे कुठल्याच तक्त्यात लिहिलेलं नाही. हे 'वाटणं' शिकवता येतं का? आणि ते दुसऱ्याला पटवायचं कसं? इथल्या जुन्या मंडळींनी लिहावं.

खारूताई

मी शेवटच्या वर्षाला आहे. आम्हाला हे पायऱ्यांनी शिकवतात: खुणा ओळखा, त्यांचा अर्थ लावा, काय जास्त धोक्याचं ते ठरवा, उपाय सुचवा, करा, परिणाम तपासा. अमेरिकेतली नर्सिंगची लायसन्स परीक्षा २०२३ पासून याच साच्यावर प्रश्न विचारते. कागदावर मला बरोबर जमतं, कारण प्रश्नातच सगळ्या खुणा लिहून दिलेल्या असतात. वॉर्डात त्या कोणी लिहून देत नाही. :(

ताई, तुमच्या उदाहरणात मी असते तर १८ वर विश्वास ठेवून पुढच्या खाटेकडे गेले असते.

जुनी_इनचार्ज

खारूताई, तू लिहिलंस तेच खरं दुखणं आहे. खुण दिसली की पुढचं पुस्तकात मिळतं.

आधी त्या १८ बद्दल. कुठल्याही वॉर्डातला चार्ट उघडा, सगळे पेशंट १८ नाहीतर २० ने श्वास घेत असतात, जणू कवायत चाललीय. नाडी यंत्र सांगतं, बीपी यंत्र सांगतं, ऑक्सिजन बोटाला चिमटा लावला की मिळतो. श्वास तेवढा माणसाने मोजायचा, म्हणून तोच अंदाजाने लिहिला जातो. आणि तब्येत ढासळताना बहुतेक वेळा सगळ्यात आधी तोच हलतो. जंतुसंसर्ग असो, रक्तस्राव असो, फुप्फुसात गुठळी असो, रक्तातलं आम्ल वाढलं की श्वास वाढतो. बीपी पडायला त्यानंतर कितीतरी वेळ लागतो. तरुण पेशंट तर शेवटपर्यंत बीपी टिकवून धरतो आणि मग एकदम कोसळतो.

आता 'वाटणं' शिकवता येतं का. नर्सिंगच्या अभ्यासक पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ मध्ये नर्सच्या पाच पायऱ्या मांडल्या, नवशिक्यापासून तज्ज्ञापर्यंत. नवशिकी नियमाने चालते, तज्ज्ञ एकूण चित्र बघते. त्यातली एक गोष्ट लोक विसरतात: तज्ज्ञपण वॉर्डाला चिकटलेलं असतं. वीस वर्षं डोळ्यांच्या वॉर्डात काढलेली सिस्टर हृदयाच्या वॉर्डात गेली की पहिले काही महिने पुन्हा नियमाने चालते, आणि तसंच चालावं.

शिकवायचं तर मी एकच करायला लावते. हँडओव्हर घेताना खाटेपाशी उभं राहायचं आणि मागच्या पाळीच्या सिस्टरला विचारायचं, "तू आलीस तेव्हा हा कसा होता?" आकडे कागदावर असतात. हे कागदावर नसतं. "दुपारी उठून बसला होता, आता कूस बदलायलाही तयार नाही" या एका वाक्यातून जे कळतं ते चार रकाने वाचून कळत नाही.

पण 'वाटण्या'चे गोडवे गाताना दुसरी बाजूही सांगते. मनाला काही वाटत नाही म्हणून पेशंट ठीक, असं उलटं गणित कधी मांडू नये. आणि ते 'वाटणं' हँडओव्हरमध्येच बिघडवता येतं. "बारा नंबर जरा नाटकी आहे" एवढं म्हटलं की पुढच्या तीन पाळ्या बारा नंबरची बेल उशिरा ऐकू येते. दारूचा इतिहास असलेला, मानसिक आजाराचा, सारखं पेनकिलर मागणारा, यांच्या बाबतीत मी मुद्दाम स्कोरच धरून चालते. तक्त्याला पूर्वग्रह नसतो.

अर्धवट_डॉक्टर

दुसऱ्या टोकाने लिहितो, म्हणजे रात्री तीनला ज्याचा फोन वाजतो त्या टोकाने.

"डॉक्टर, सात नंबर बरोबर वाटत नाही." मी विचारतो काय होतंय. "अस्वस्थ आहे." बीपी? "बघते हं." फोन खाली. खरं सांगतो, अशा वेळी मी पुन्हा आडवा होतो. चूक आहे, पण त्याच रात्री अजून चार वॉर्डांतून फोन येत असतात आणि कुठे आधी पळायचं हे फोनवरच्या वाक्यांवरूनच ठरतं.

आता हे ऐका: "सात नंबर, आज सकाळी पोटाचं ऑपरेशन. चार तासांत नाडी ८८ वरून १०४, श्वास मिनिटभर मोजला तर २६, लघवी तासाला २० मिलीवर आलीय. मला आत रक्तस्राव होत असल्याची शंका आहे. तुम्ही दहा मिनिटांत येऊन बघा. तोवर रक्ताची सोय करायला सांगू का?" पंचवीस सेकंद लागत नाहीत. हे ऐकल्यावर चप्पल शोधायला थांबणारा डॉक्टर मी तरी पाहिलेला नाही.

याला एसबार म्हणतात: परिस्थिती, पार्श्वभूमी, तुमचं मत, तुमची मागणी. मूळ पद्धत अमेरिकन नौदलाच्या अणुपाणबुड्यांवरची, रुग्णालयांत ती कैसर पर्मनेंटे या संस्थेने आणली. सगळ्या सिस्टर पहिले दोन भाग उत्तम करतात. तिसऱ्यावर आवाज बारीक होतो, चौथा गाळतात.

निशाचर

@अर्धवट_डॉक्टर, चौथा गाळतात कारण तो उच्चारला की "डॉक्टर तुम्ही की मी?" ऐकावं लागलेलं असतं. तुमच्याकडून नसेल, पण एकदा ऐकलेलं वर्षानुवर्षं पुरतं.

बाकी सहमत. शिवाय नुसतं 'अस्वस्थ आहे' हेही अगदीच टाकाऊ नाही. नेदरलँड्समध्ये नर्सना वाटणाऱ्या काळजीचे नऊ निर्देशक काढलेत: श्वासातला बदल, रक्ताभिसरणातला बदल, थंडी भरून येणं, बोलण्या-वागण्यातला फरक, तळमळ, दुखणं वाढणं, अपेक्षेप्रमाणे सुधारणा न होणं, पेशंटने स्वतःच बरं वाटत नाही म्हणणं, आणि शेवटी कारण सांगता येत नसूनही नर्सला खटकणं. तेव्हा फोन करण्याआधी स्वतःला विचारायचं, यातलं मला नक्की काय दिसलं? निम्म्याहून अधिक वेळा 'अस्वस्थ'च्या जागी नेमकं वाक्य सापडतं.

आणि नाहीच सापडलं तरी फोन करायचा.

वैतागलेली_मैना

सगळं छान हो. तीस पेशंटना दोघी जणी असताना कोण मिनिटभर श्वास मोजत बसणार? तीस मिनिटं नुसती श्वासात गेली. वर औषधं, सलाईन, ड्रेसिंग, बिलाचे कागद, नातेवाईकांचे प्रश्न. 'क्लिनिकल जजमेंट', म्हणजे पेशंट बघून सिस्टरने स्वतः निर्णय घेणं, हा शब्द मला तरी सगळं खापर सिस्टरच्या डोक्यावर फोडायची सोय वाटते.

जुनी_इनचार्ज

मैना, वैताग रास्त आहे आणि त्यामागे आकडेही आहेत. लिंडा एकन यांच्या गटाचा २००२ चा पेनसिल्व्हेनियातला अभ्यास आहे: सर्जरीच्या पेशंटमध्ये एका नर्सकडे प्रत्येक जादा पेशंटमागे ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता सात टक्क्यांनी वाढलेली दिसली. व्यवस्थापनासमोर हेच ठेवायचं. जजमेंट म्हणजे काही जादू नाही, त्यालाही वेळ लागतो.

तोवर आजची पाळी तर काढायची आहे. मी तिसांचा श्वास सारख्याच काळजीने मोजा म्हणत नाही. पाळी सुरू होताच तिसांतले चार-पाच निवडा: आज ऑपरेशन झालेले, आजच आयसीयूतून बाहेर आलेले, नवीन दाखल, आणि ज्यांच्याबद्दल मागची सिस्टर बोलताना अडखळली ते. त्यांच्या खाटेपाशी घड्याळ काढायचंच. हे निवडणंसुद्धा जजमेंटच आहे, आणि ते रोज सगळ्याच जणी करतात, फक्त कोणी नोंदवत नाही.

औषधवाला

फार्मसीच्या खिडकीतून दोन गोष्टी.

अमेरिकेत टेनेसी राज्यात २०१७ च्या डिसेंबरात घडलेली घटना बऱ्याच जणांना माहीत असेल. तपासणीआधी पेशंटची घबराट कमी व्हावी म्हणून व्हर्सेड, म्हणजे मिडॅझोलॅम, द्यायचं होतं. औषधांच्या संगणकीय कपाटात नर्सने नावाची पहिली दोन अक्षरं टाकली, नेहमीची तपासणी ओलांडणारा मार्ग वापरला आणि हातात आलं व्हेक्युरोनियम, स्नायू लुळे पाडणारं औषध. पेशंट दगावली. २०२२ मध्ये नर्सवर फौजदारी गुन्हा सिद्ध झाला, तीन वर्षांची प्रोबेशन झाली.

यावर दोन तट आहेत आणि मला दोन्ही पटतात. मिडॅझोलॅम तयार द्रव असतं, व्हेक्युरोनियमची पूड असते, ती विरघळवावी लागते. ज्या औषधात कधीच काही मिसळावं लागत नाही त्यात पाणी घालायची वेळ आली तर हात थांबायला हवा होता. झाकणावर इशाराही छापलेला होता. पण ओलांडण्याचा मार्ग तिथे रोजच्या कामाचा भाग झालेला होता, आणि लुळं पाडणारं औषध इतर औषधांसारखंच दोन अक्षरांवर हाती येत होतं. नर्सला शिक्षा केली म्हणून ते कपाट शहाणं होत नाही. उलट पुढची नर्स आपली चूक सांगताना दहादा विचार करते.

दुसरी गोष्ट इन्सुलिनची. एक मिलीत ४० युनिट आणि एक मिलीत १०० युनिट असे दोन प्रकार असतात, त्यांच्या सिरिंजही वेगळ्या. १०० च्या कुपीतून ४० च्या सिरिंजने '२०' खुणेपर्यंत ओढलं तर जातात ५० युनिट. अडीचपट. म्हणून ऑर्डरमध्ये युनिट हा शब्द पूर्ण लिहा म्हणून आम्ही भांडतो. नुसतं 'यू' घाईत शून्यासारखं दिसतं.

आणि औषधाच्या ट्रॉलीपाशी सिस्टरला हाक मारू नका हो! ऑस्ट्रेलियातल्या २०१० च्या एका निरीक्षणात प्रत्येक व्यत्ययामागे औषध देण्यातल्या चुका सुमारे बारा टक्क्यांनी वाढलेल्या दिसल्या.

वैतागलेली_मैना

औषधवाला, हाक मारणाऱ्यांत निम्मे फोन फार्मसीचेच असतात. :D

पडवीतला_पाहुणा

मी या क्षेत्रातला नाही, पण आईच्या आजारपणात बरेच दिवस वॉर्डात काढलेत. एक शंका. एका सकाळी आई मला नावाने हाक मारेना, शांत पडून होती. मी सांगितलं तर "थकल्यात, झोपू द्या" असं उत्तर मिळालं. संध्याकाळी निदान झालं, लघवीतला संसर्ग रक्तात गेला होता. ती त्यातून बरी झाली, तक्रार म्हणून लिहीत नाही. पण आमच्यासारख्यांनी काय बोललं म्हणजे ऐकून घेतलं जाईल?

आयसीयूवाली

पाहुणे, तुम्ही सांगितलंत त्याला स्कोरमध्ये एकट्यालाच तीन गुण आहेत. २०१७ च्या सुधारणेत 'नव्याने आलेला गोंधळ' मुद्दाम घातला. गडबड अशी की गोंधळ म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर ओरडणारा, सलाईन उपटणारा पेशंट येतो. म्हातारी माणसं बऱ्याचदा याच्या उलट वागतात, गप्प होतात. गप्प पेशंट कोणाला त्रास देत नाही, म्हणून राहून जातो.

तुम्ही वापरायचं वाक्य: "ही रोजच्यासारखी नाही. काल रात्री बोलत होती, आज सकाळपासून मला ओळखत नाही." कधीपासून आणि काय फरक, एवढं सांगा. "बरं नाही" म्हणालात तर झोपू द्या म्हणतील. इंग्लंडमध्ये २०२४ पासून मार्थाज रूल नावाने नातेवाइकांना थेट दुसऱ्या तज्ज्ञ टीमला बोलावता येईल अशी सोय रुग्णालयांत सुरू केलीय, कारण घरच्यांना फरक आधी कळतो.

धाग्यासाठी भर, जिथे आकडे फसवतात त्या जागा. बीटा ब्लॉकर (नाडी मंद ठेवणारी गोळी) घेणाऱ्याची नाडी चढत नाही, रक्तस्रावातही ८० दाखवेल. म्हाताऱ्या पेशंटला संसर्गात ताप येईलच असं नाही, उलट ३५.५ दिसलं तरी मी सावध होते. मॉर्फिन चालू असलेल्याला ऑक्सिजनही लावला असेल तर बोटावरचा आकडा ९८ राहतो आणि आत कार्बन डायऑक्साइड साठत जातो. तिथे श्वास मोजा आणि हाक मारा. वाक्य अर्धवट सोडून डोळे मिटायला लागला की पुढचा डोस थांबवून कळवा. सीओपीडीच्या, म्हणजे फुप्फुसांच्या जुनाट आजाराच्या, ज्या पेशंटमध्ये कार्बन डायऑक्साइड साठतो त्यांचं लक्ष्यच ८८ ते ९२ असतं, तिथे ९८ बघून खूश होऊ नका. आणि गडद त्वचेवर बोटाचं यंत्र खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवू शकतं, त्यामुळे ९३ आणि ९४ वरून वाद घालण्यात अर्थ नाही.

पडवीतला_पाहुणा

आभार. 'कधीपासून आणि काय फरक' लिहून ठेवलं.

अर्धवट_डॉक्टर

मैनाच्या खापराच्या मुद्द्यावर एक. नोट्समध्ये "डॉक्टरांना कळवले" एवढंच लिहू नका. कितीला, कोणाला, काय आकडे सांगितले, काय उत्तर मिळालं आणि पुन्हा कधी बघणार, हे लिहा. आमच्या सोयीचं नाही, तरी सांगतोय. मी आलो नाही तर अर्ध्या तासाने पुन्हा फोन करा, मग माझ्या वरच्याला. मला राग येईल. येऊ द्या.

खारूताई

सगळं वाचतेय, वहीत उतरवतेय. दोन अगदी बाळबोध प्रश्न. एक, पेशंटला "श्वास मोजते" म्हटलं की तो मुद्दाम लांब श्वास घेतो. दोन, मागच्या पोस्टिंगला मला एकदा वरून सांगितलं गेलं, "वेळ नाही, १८ लिहून टाक." अशा वेळी विद्यार्थिनीने काय करायचं?

जुनी_इनचार्ज

पहिलं सोपं. सांगायचंच नाही. मनगट धरून नाडी मोजायची, झाली की हात तसाच ठेवून छातीकडे बघत राहायचं. हात छातीवर आडवा ठेवलास तर वर-खाली होणं हातालाही कळतं. पूर्ण मिनिट. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलंस तर एक श्वास चुकला की आकडा चारने हलतो, आणि २० चा २४ झाला की स्कोर शून्यावरून दोनवर जातो. लहान मूल असेल तर रडायच्या आधी, शक्यतो झोपेत.

दुसऱ्याचं उत्तर मोठ्याने द्यायची गरज नाही. "मी मोजून लिहिते, एक मिनिट लागेल" म्हणायचं आणि मोजायला लागायचं. मोजताना कोणी हात धरून ओढत नाही. खरंच वेळ नसेल तर रकाना रिकामा ठेव, शेजारी वेळ घाल आणि 'मोजला नाही' असं लिही. पुढच्या पाळीची सिस्टर रिकामा रकाना बघून आधी तिथे जाईल. १८ बघून जाणार नाही.

खारूताई

रिकामा ठेवला तर ऑडिटमध्ये मार्क जातात म्हणतात.

जुनी_इनचार्ज

जातात. माझ्या वॉर्डाचे गेलेत. ऑडिटवाल्या बाईंना मी सगळे १८ असलेला जुना चार्ट काढून दाखवला आणि याला किती मार्क देता विचारलं. त्यांनी पूर्ण दिले होते. त्यावर पुढच्या मीटिंगमध्ये वाद चालू आहे, झाला की इथे लिहिते.